वर्षभर बायबल कसं वाचायचं, एक साधी पद्धत

पहिल्या पानापासून सुरू केलं की लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत दम संपतो, माझा तरी दोनदा संपलाय. त्यापेक्षा चर्चच्या कॅलेंडरबरोबर चला.

चर्चमध्ये रविवारी दर वर्षी मुख्यतः एकच शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांपैकी एक) वाचतात, ते तीन वर्षांच्या चक्राने बदलतं. आधी यंदाचं शोधा. सनाला 3 ने भागा, बाकी 1 उरली तर मत्तय, 2 उरली तर मार्क, काहीच नाही उरलं तर लूक. 2026 ला बाकी 1, म्हणजे मत्तय. फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत नाही तर नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळात सुरू होतं, तेव्हापासूनच पुढचा सन धरायचा. चौथं शुभवर्तमान, योहान, मुख्यतः ईस्टरच्या दिवसांत येतं.

शनिवारी रात्री उद्याचं, म्हणजे रविवारी चर्चमध्ये होणारं, वाचन काढा, मोठ्याने वाचा, एकच शब्द पकडा आणि वहीत दोन ओळी लिहा, बस, प्रवचन नको.

सणाच्या दिवशी मात्र थोडं जास्त थांबा. 24 जूनचं सांजांव, म्हणजे गोव्यातला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण घ्या ना, डोक्याला कोपेल (पानाफुलांचा मुकुट) बांधून विहिरीत उड्या मारतो आपण, पण लूक 1:41 वाचलंय का? येशूची आई मारिया हिचा नमस्कार ऐकून एलिझाबेथच्या पोटात बाळ, म्हणजे हाच योहान, उडी मारतं, आपल्या उडीचा संबंध तिथे लावतात, आणि हे कळल्यावर मला तरी पावसात भिजत वेगळंच वाटलं (पोहता येत नसेल तर काठावरूनच चिंतन करा हां).

ईस्टरआधीच्या उपवासकाळात 40 दिवस रोज वाचायचं ठरवलंत आणि मधला आठवडा सुटला तर मागचं भरून काढत बसू नका, त्या दिवसाचं उघडा.