बीपीचा धोका पहिल्या नोंदणीलाच कसा ओळखायचा

उपकेंद्रावर नवी गरोदर बाई आली की पट्टा बांधायच्या आधी मी विचारते, "मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं का गं?" सगळ्यात मोठा धोका त्याचाच. पण उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. म्हणून फिरवून विचारायचं: झटके आले होते? दिवस भरायच्या आधीच बाळंतपण करावं लागलं? मग सोबतची सासू सांगते, "हो बाई, तोंड सुजलं होतं, जिल्ह्याला न्यावं लागलं."

आधीपासूनचं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), जुळं, यातलं एक जरी असलं तरी कार्डावर ठळक लिहा. पहिलटकरीण, वय ३५ च्या पुढे, जास्त वजन, आई-बहिणीला हाच त्रास, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी डॉक्टरांना दाखवा. ते गरज पाहून १२ आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन देतात. मनाने घ्यायची नाही.

चालत आलेल्या बाईचं बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्या, दंड छातीच्या पातळीवर, पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच चढतो. १४०/९० आलं तर पुन्हा मोजा, लघवीतली प्रथिनं तपासा. १६०/११० असलं, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय, तर थेट १०८. बाळंतपणानंतरच्या आठवड्यातही मोजत राहा, तेव्हाही बीपी चढतं.