वाशांच्या गुण्यावरील आकडे आणि कोष्टके कशी वाचावीत

चोवीस इंची पोलादी गुण्या बेळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक सुतारांच्या पेटीत असतो, पण काटकोन तपासण्यापलीकडे त्याचा उपयोग फारसा होत नाही. त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या रांगा म्हणजे कारखानदाराची नक्षी आहे, असे समजून त्या सोडून दिल्या जातात. वास्तविक त्या रांगा कौलारू छपराचे तयार गणित आहेत. अथणी, रायबागकडच्या कोरड्या भागात माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरे पूर्वीपासून असल्यामुळे तिथे या गणिताची निकड कमी भासते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात मात्र पाऊस चार महिने हटत नाही आणि छपराचा उतार चुकला तर पाणी कौलांखाली शिरते. ज्यांना तिथे नवे छप्पर घालायचे आहे किंवा जुने वासे बदलायचे आहेत, त्यांच्यासाठी हा गुण्या वाचण्याची रीत येथे क्रमाने दिली आहे.

गुण्याची बाजू आणि कड ओळखणे

या गुण्याचे लांब पाते २४ इंच लांब व २ इंच रुंद असते, तर आखूड पाते १६ इंच लांब व दीड इंच रुंद असते. पात्यांच्या रुंदीलाही अर्थ आहे, कारण दोन आणि दीड इंचांच्या खाचा व कुसे (खाचेत बसणारी लाकडाची टोके) आखताना पाते लाकडावर ठेवून दोन्ही कडांनी रेघ ओढली की काम होते. गुण्याचा कोपरा आपल्यापासून दूर राहील, लांब पाते डाव्या हातात आणि आखूड पाते उजव्या हातात येईल, असा तो धरावा. त्या स्थितीत वर दिसते ती दर्शनी बाजू, आणि उलटल्यावर दिसते ती पाठ. कारखान्याचा शिक्का बहुधा दर्शनी बाजूवर असतो.

दोन्ही बाजूंच्या आतल्या व बाहेरच्या कडा मिळून एकूण आठ मापपट्ट्या होतात आणि त्या सगळ्या सारख्या विभागलेल्या नसतात, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. दर्शनी बाजूच्या बाहेरच्या कडांवर इंचाचे सोळा भाग, तर आतल्या कडांवर बहुधा आठ भाग असतात. आठवा भाग म्हणजेच आपले सूत. पाठीवर बाहेरच्या कडेला इंचाचे बारा भाग असतात, आणि आखूड पात्याच्या आतल्या कडेला बऱ्याच गुण्यांवर दहा भाग असतात. ही मांडणी कारखान्यागणिक थोडी बदलते. म्हणून नवा गुण्या हाती आल्यावर प्रत्येक कडेवरच्या एका इंचातील घरे एकदा मोजून पाहावीत. पाठीवरची बारा घरांची कड सोळाची समजून माप घेतले, तर चूक नजरेला दिसत नाही, ती थेट जोड बसवताना कळते. आतल्या कडांचे शून्य आतल्या कोपऱ्यापासून सुरू होते, त्यामुळे लांब पाते आतून साडेबावीस इंच आणि आखूड पाते १४ इंचच भरते.

काटकोन खरा आहे का, ते पाहणे

कोष्टक वाचण्याआधी गुण्याची परीक्षा घ्यावी. सरळ रंधलेल्या फळीच्या कडेला एक पाते टेकवून दुसऱ्या पात्याने टोकदार पेन्सिलीने रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. रेघा फाकल्या तर जेवढे अंतर दिसते, त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पोलादी गुण्याचा कोन कमी झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचाने हलका ठोका दिल्यास धातू पसरून कोन उघडतो, आणि बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका दिल्यास तो मिटतो. एका ठोक्यानंतर लगेच पुन्हा तपासावे, कारण जास्त झालेला ठोका निस्तरणे फार कटकटीचे असते.

वाशांचे कोष्टक

लांब पात्याच्या दर्शनी बाजूवर सहा ओळींचे कोष्टक असते. त्याची किल्ली एकच आहे. कोष्टकाच्या वर, कडेला जो इंचाचा आकडा आहे तो येथे लांबी दाखवत नाही, तो उतार दाखवतो. आडव्या एका फुटामागे छप्पर जितके इंच चढते, तो आकडा कडेवर शोधायचा आणि त्याच्या खालच्या रकान्यातले सहा आकडे वाचायचे. उतार फुटाला ६ इंच असेल तर ६ च्या खाली, ८ इंच असेल तर ८ च्या खाली. ही एक गोष्ट पक्की झाली की उरलेले सगळे गुणाकार आहेत.

पहिली ओळ साध्या वाशाची आहे. ६ च्या खाली १३.४२ आणि ८ च्या खाली १४.४२ असे आकडे दिसतात. आडव्या प्रत्येक फुटामागे वासा तितके इंच लांब लागतो, असा त्यांचा अर्थ आहे. हे आकडे काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचे असल्यामुळे कुणालाही पडताळून पाहता येतात: ५ च्या खाली नेमके १३ आणि ९ च्या खाली नेमके १५ येतात, कारण ५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे काटकोन त्रिकोण आहेत. नव्या गुण्यावर हे दोन आकडे बरोबर छापले आहेत का, तेवढे पाहून घ्यावे.

कणकुंबीच्या बाजूचे एक दुपाखी घर उदाहरणादाखल घेऊ. भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी १६ फूट आहे, म्हणजे आढ्याच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर ८ फूट. मंगळुरी कौलांसाठी उतार फुटाला ८ इंच धरला आहे, जो सुमारे ३३.७ अंशांचा होतो आणि त्या पावसाला शोभतो. आढ्याची भिंतीपासूनची उंची ८ गुणिले ८, म्हणजे ६४ इंच, अर्थात ५ फूट ४ इंच. वाशाची लांबी ८ गुणिले १४.४२, म्हणजे ११५.३६ इंच, अर्थात ९ फूट ७.३६ इंच. दशांशाचे सूत करायचे असेल तर त्याला आठाने गुणावे: ०.३६ गुणिले ८ म्हणजे २.८८, तेव्हा तीन सूत धरावे. वासा ९ फूट ७ इंच ३ सूत.

पण ही लांबी फक्त भिंतीपासून आढ्यापर्यंतची आहे. वळचण दोन फूट बाहेर काढायची असेल तर आणखी दोन वेळा १४.४२ मिळवावे लागतात, आणि एकूण लांबी १४४.२ इंच होते. एवढे वाचून अनेकजण वखारीतून १२ फुटी लाकूड आणतात आणि तिथेच फसतात. वाशाची दोन्ही टोके उभ्या रेषेत तिरपी कापली जातात, त्यामुळे लाकडाच्या उंचीनुसार जादा लांबी लागते. वासा ४ इंच उंचीचा असेल तर या उतारावर ती लांबी ४ गुणिले ८ भागिले १२, म्हणजे पावणेतीन इंचांच्या आसपास येते. दोन इंच जाड आढ्याच्या फळीला वासे दोन्हीकडून भिडत असतील, तर त्या जाडीचा निम्मा भाग, म्हणजे आडवा एक इंच, वाशाच्या वरच्या टोकाकडून कमी करावा लागतो. मात्र आपल्याकडच्या जुन्या पद्धतीप्रमाणे वासे आढ्याच्या तुळईवर टेकून एकमेकांना भिडत असतील, तर काहीच वजा करू नये. दोन्ही रीतींत १२ फूट अपुरेच पडतात. साडेबारा फुटांचे लाकूड घ्यावे आणि टोकाला चीर असेल तर त्याहून अधिक.

वाशावर रेघा आखणे

लांब पात्यावरचा १२ आणि आखूड पात्यावरचा ८ हे दोन्ही आकडे वाशाच्या एकाच कडेवर येतील असा गुण्या ठेवावा. आखूड पात्याच्या कडेने ओढलेली रेघ घर उभे राहिल्यावर ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, येते, आणि आढ्याकडचा काप तोच. लांब पात्याच्या कडेने ओढलेली रेघ पाणसळीत, म्हणजे सपाट आडवी, येते, आणि भिंतीवरच्या लाकडी पाटावर वासा टेकवण्यासाठी जी खाच करायची, तिची बैठक त्याच रेघेवर घ्यावी. खाच वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल करू नये, नाहीतर नेमका वळचणीचा भाग कमजोर होतो.

हाच गुण्या त्याच आकड्यांवर धरून आठ वेळा पुढे सरकवला तरी आठ फुटांच्या आडव्या अंतराची लांबी मिळते. कोष्टक हाताशी नसलेले जुने कारागीर असेच करतात. पण प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीएवढी जरी चूक झाली, तरी आठ वेळांत ती जोडावर दिसण्याइतकी साठते. माझ्या मते लांबी कोष्टकाने काढावी आणि सरकवण्याची रीत पडताळ्यासाठी ठेवावी. पहिला वासा असा तयार झाला की त्यालाच नमुना करून बाकीचे आखावेत. प्रत्येक नवा वासा आधीच्या वाशावरून आखत गेल्यास फरक वाढत जातो.

चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या, छपरासाठी दुसरी ओळ आहे. कोपऱ्याचा वासा तिरपा जात असल्यामुळे त्याचा ८ खालचा आकडा १८.७६ येतो. आठ फुटांना १५०.०८ इंच, म्हणजे जवळपास साडेबारा फूट. हा वासा आखताना लांब पात्यावर १२ ऐवजी १७ धरावा, आखूड पात्यावरचा ८ तोच राहतो.

तिसरी आणि चौथी ओळ कोपऱ्याच्या वाशाला टेकणाऱ्या आखूड वाशांची आहे. शेजारशेजारच्या दोन वाशांच्या लांबीतला फरक १६ इंचांच्या आणि २४ इंचांच्या अंतरासाठी त्यात दिलेला असतो. ही अंतरे अमेरिकन बांधकामाची आहेत. आपण वासे १८ इंचांवर ठेवले, तर त्या ओळी सोडून पहिल्याच ओळीचा आकडा दीडने गुणावा. ८ च्या उताराला १४.४२ गुणिले दीड म्हणजे २१.६३ इंच, तेव्हा प्रत्येक पुढचा वासा २१ इंच ५ सुतांनी आखूड होत जाईल. पाचवी ओळ या आखूड वाशांच्या आणि सहावी ओळ कोपऱ्याच्या वाशाच्या माथ्यावरच्या तिरप्या कापाची आहे: लांब पात्यावर १२ आणि आखूड पात्यावर ओळीतला आकडा धरावा आणि १२ च्या बाजूने रेघ ओढावी. ८ खाली पाचव्या ओळीत १० हा आकडा दिसेल.

पाठीवरची कोष्टके

लांब पात्याच्या पाठीवर फळ्यांचे माप काढण्याचे कोष्टक असते. त्याचे एकक म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड लाकूड. १२ च्या खालच्या रकान्यात फळीची लांबी फुटांत शोधावी आणि त्याच ओळीने फळीच्या रुंदीच्या इंचाखाली यावे. १४ फूट लांब व ९ इंच रुंद फळीसाठी १० आणि ६ असे दोन आकडे मिळतात. येथे दुसरा आकडा बाराव्या भागांचा आहे, दशांश नव्हे, म्हणजे माप साडेदहा. जाडी २ इंच असेल तर दुप्पट करून २१. आपल्याकडे कापलेले लाकूड घनफुटांवर विकले जाते, त्यामुळे या संख्येला १२ ने भागावे: १.७५ घनफूट. वखारवाल्याची पावती पडताळायला एवढे पुरते. माप घनमीटरमध्ये दिले असेल तर एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट धरावे.

आखूड पात्याच्या पाठीवर तिरप्या टेकूंच्या लांबीचे कोष्टक असते. एकाखाली एक २४ व २४ आणि शेजारी ३३.९४ असे लिहिलेले असेल, तर खांबावर २४ इंच खाली आणि तुळईवर २४ इंच पुढे टेकणारा टेकू ३३.९४ इंचांचा, म्हणजे ३३ इंच साडेसात सूत होतो. ३६ व ३६ साठी ५०.९१. सोप्याच्या किंवा गोठ्याच्या खांबांना हे आकडे थेट उपयोगी पडतात. १८, २४ आणि ३० हे त्रिकूटही तिथेच असते आणि पाया आखताना काटकोन मिळवायला तेच कामी येते.

पाठीवरच्या बारा भागांच्या कडेकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला तर सबंध गुण्यातली तीच सर्वांत उपयुक्त कड वाटते. एक इंच म्हणजे एक फूट आणि इंचाचा बारावा भाग म्हणजे एक इंच, असे प्रमाण धरले की घर गुण्यावर मावते. लांब पात्यावर ८ आणि आखूड पात्यावर ५ इंच व पुढची चार घरे, अशा दोन खुणा घेऊन त्यांच्यामधले तिरपे अंतर कंपासने उचलावे आणि त्याच कडेवर ठेवावे. ते ९ आणि सव्वासात घरांच्या थोडे पुढे येते, म्हणजेच वर गुणाकाराने काढलेला वासा. गणित नको असणाऱ्याला उतार कितीही अडनिडा असला तरी या कडेवर उत्तर मिळते, कोष्टकात तो उतार नसला तरीही.

दर्शनी बाजूला आखूड पात्याच्या मधोमध जी टिंबांची रांग असते, ती चौकोनी खांब अष्टकोनी करण्यासाठी आहे. सागाचा खांब ६ इंची असेल तर कंपास त्या रांगेवर सहा घरे उघडावा आणि खांबाच्या प्रत्येक बाजूवर मध्यरेषेपासून दोन्हीकडे खुणा कराव्यात. त्या खुणांच्या रेघांमधले चार कोपरे रंधून काढले की आठ सारख्या बाजू उरतात.

दुकानात हल्ली फक्त इंच आणि मिलिमीटर छापलेले, कोष्टक नसलेले गुण्येही मिळतात. असा गुण्या घेतला असेल तर वाशाच्या रेघांसाठी लांब पात्यावर ३० सेंटिमीटर आणि आखूड पात्यावर २० सेंटिमीटर धरावे. उतार फुटाला ८ इंचांचाच राहील आणि आडव्या प्रत्येक ३० सेंटिमीटरमागे वासा ३६.०६ सेंटिमीटर लागेल.