पहिल्या एटीपी पॉइंटसाठी वर्ष कसं आखायचं

धाकट्या भावाबरोबर मी तीन वर्षं टेनिसच्या एम-15 स्पर्धांना हिंडले. तो खेळायचा, एन्ट्री, तिकिटं, गटिंग (रॅकेटला तार ओवून ताणणं) आणि रात्रीचा भात माझ्याकडे. तुमच्या घरात असं पोर असेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या माणसासाठी हे लिहितेय.

आधी गणित. एटीपी पॉइंट म्हणजे पुरुष टेनिसच्या जागतिक क्रमवारीतला गुण. एम-15 म्हणजे सगळी बक्षिसं मिळून 15 हजार डॉलरची स्पर्धा. एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या खऱ्या स्पर्धेत, पहिली फेरी जिंकली की 1 पॉइंट. उपांत्यपूर्व फेरी गाठली तर 2, उपांत्य फेरीला 4, उपविजेत्याला 8, विजेत्याला 15. पहिल्याच फेरीत हरलं तर काहीच नाही. मिळालेला पॉइंटही 52 आठवड्यांनी गळतो. म्हणून एक वही करा आणि प्रत्येक पॉइंटसमोर तो कधी गळणार ती तारीख लिहा. आम्ही लाल शाईने लिहायचो. पुढच्या वर्षी कुठे जायचं हे ती वहीच सांगते.

सोमवारपासूनच्या आठवड्याची एन्ट्री 18 दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातला बंद होते. एकदा मी आठ वाजता लॅपटॉप उघडला. त्याचा तो आठवडा माझ्यामुळे गेला, हे मला अजून लागतं. तुम्ही बुधवारीच एन्ट्री करून मोकळे व्हा.

दर आठवड्याला खेळायला पळू नका. एकाच भागातल्या सलग तीन स्पर्धा घ्या, मग दोन आठवडे घरी. तिकिटाचे पैसे वाचतात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हवा आणि कोर्ट अंगवळणी पडतं. हरल्या हरल्या दुसऱ्या देशातली स्पर्धा शोधायचा मोह होतो. तो आवरा.

गटिंग मात्र स्वतः शिकाच. स्पर्धेच्या ठिकाणी प्रत्येक रॅकेटमागे पैसे मोजायचे, तर आठवड्याचा हिशेब तिथेच कोलमडतो. तारेचं 200 मीटरचं रीळ घेतलं की एका रॅकेटला साधारण 12 मीटर, म्हणजे 16 रॅकेट होतात. वजन टांगून ताण देणारं छोटं मशीन घ्या. हळू चालतं, पण वीज लागत नाही. पॉलिएस्टर तार न तुटताही सैल पडते, त्यामुळे तुटायची वाट पाहू नका. चेन्नईहून पुण्याला किंवा बंगळुरूला आलात तर उंचीमुळे चेंडू लांब जातो. आम्ही एक-दोन पाउंड ताण वाढवायचो. भावाला 50 चालायचं, बंगळुरूत 52. प्रत्येक रॅकेटच्या मुठीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि ताण लिहून ठेवा.

दुहेरीला कमी लेखू नका. एकेरीत लवकर हरलं तरी सामने मिळतात, हॉटेलच्या खर्चाला हातभार लागतो. जोडीदार एन्ट्रीआधीच ठरवा. दुहेरीत 40-40 झालं की एकाच पॉइंटवर गेम सुटतो आणि तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंटचा टायब्रेक असतो. सरावही तसाच घ्या. रोहन बोपण्णाने पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम 43 व्या वर्षी, 2024 मध्ये मेलबर्नला जिंकलं. त्याच्याच जोडीने आपल्या ऋतुजा भोसलेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. हे मी भावाला कितीदा ऐकवलं असेल!

औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापलीकडे शरीरात सापडलं तर बंदी येऊ शकते. घरूनच डॉक्टरांकडून तपासून घेतलेली औषधं बरोबर ठेवा.

सामानात छोटा राइस कुकर, मूगडाळ आणि मेतकूट असू द्या. हरून आला की सामन्याबद्दल अवाक्षर काढू नका. आंघोळ होऊ द्या, गरम भात वाढा. पोटात चार घास गेले की तोच बोलायला लागतो. तेव्हा वही उघडायची आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.