.३२ पिस्तुलात काडतूस अडकतंय? आधी मॅगझिन बघा

पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. आधी मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढा, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, तपासा. क्रम उलटा केलात तर पुढचं काडतूस चढतं.

बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यात पिस्तूल चामडी होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि मॅगझिन आतून गंजतं. ते कोरडं पुसा. आत तेल सोडू नका, धूळ चिकटून काडतुसं वर सरकत नाहीत. मॅगझिनांवर १, २ असे नंबर टाका. एकाच नंबरला अडत असेल तर दोष त्याच्या ओठांत (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये आहे, पिस्तुलात नाही.

.३२ ची एक खोड मात्र वेगळी. या काडतुसाच्या बुडाची कड जराशी बाहेर आलेली असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, म्हणून भरताना प्रत्येक नवीन काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसवा. जुनी, हिरवट डाग पडलेली काडतुसं वापरू नका.

एवढं करूनही अडलं तर रॅम्पला (काडतूस चेंबरमध्ये चढवणाऱ्या उताराला) कानस लावू नका हो! परवानाधारक कारागिराकडेच न्या, आणि लायसन्स सोबत ठेवा.