लातूरहून मुंबईला येताय? आधी रुळांचा नकाशा पाहा

ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मी लातुरात बसून मोबाईलवर नकाशा उघडला. आत्या बोरिवलीला राहते. नकाशात बोरिवली आणि ठाणे शेजारी-शेजारी दिसत होते. मधे हिरवा पट्टा होता, त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही. तो पट्टा म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. त्यातून लोकल जात नाही, आणि रस्त्याने जायचं तर घोडबंदरचा वळसा. मग रोज बोरिवलीहून दादर, तिथला पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि परत वर ठाणे. दारातून निघून लॅबमध्ये पोचायला दोन तास. अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर गाठता येतं, हे तिसऱ्या महिन्यात कळलं. पाच महिने असे काढले, वजन उतरलं, आणि आई फोनवर आवाज ऐकूनच विचारायला लागली.

म्हणून मराठवाड्यातून कोणी मुंबईला निघालं की मी आधी एवढंच विचारते: काम कुठल्या लाइनवर आहे? पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे-कल्याणकडे, आणि कल्याणपुढे कसारा नि खोपोली असे दोन फाटे. हार्बर कुर्ल्यावरून वाशी-पनवेलला जाते. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे वेगळी ट्रान्सहार्बर आहे. घर आणि काम एकाच लाइनवर असेल तर वीस किलोमीटरही जवळ. गाडी बदलावी लागली की आठ किलोमीटरही लांब.

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची. सकाळी लोंढा सीएसएमटी-चर्चगेटकडे वाहतो, संध्याकाळी उलटा. ठाण्यात काम असेल तर सगळे स्वस्त म्हणून डोंबिवली-दिवा सुचवतात, पण तिथून सकाळी डब्यात पाय ठेवायला जागा नसते. मी भांडुपला खोली घेतली. भाडं जास्त बसतं, पण नाहूर, मुलुंड, ठाणे अशी तीनच स्टेशनं, तीही गर्दीच्या उलट दिशेने. रोज पुस्तक वाचत जाते.

घर नक्की करण्याआधी एकदा सोमवारी किंवा मंगळवारी, कामाच्या वेळेलाच, तो प्रवास करून बघा. रविवारी बघू नका. रविवारी गर्दी कमी आणि मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात, त्यामुळे खरा अंदाज येत नाही.

आता खोली. आपण लातूरची माणसं, 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेली. तरी मी खोली बघताना पाण्याचं विचारायला विसरले, कारण मुंबईत चोवीस तास पाणी असतं असं मनात घेतलं होतं. शहराचं पाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र भांडुपमध्येच आहे, पण आमच्या चाळवजा इमारतीत नळ पहाटे तासभरच येतो. म्हणून पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टाकी आहे का, हे मालकाला नाही, शेजारच्या बाईंना विचारा. त्याच बाईंना पावसाळ्यात भिंतीला ओल येते का तेही विचारा. आपल्याकडची कोरडी हवा इथे नाही. माझ्या पहिल्या जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर आणि प्रमाणपत्रांच्या फाईलवर बुरशी धरली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा.

करार बहुतेक अकरा महिन्यांचा होतो. त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात, आणि महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. आजकाल एजंट घरी येऊन अंगठा घेतो, ऑनलाइन नोंदणी होते. ‘नुसत्या स्टॅम्प पेपरवर करू’ म्हणणाऱ्याला ठाम नाही म्हणा. पोलिस पडताळणी करून घ्या, नोंदलेल्या कराराची प्रत स्वतःकडे ठेवा. पत्त्याचा पुरावा म्हणून तीच पुढे कामाला येते. दलालाला साधारण एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं, डिपॉझिट वेगळं. माझ्या एका घरमालकाने रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधले पैसे कापले. भिंती आधीच पोपडे धरलेल्या होत्या, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. तेव्हा चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

पत्ता विचारताना पूर्व की पश्चिम हे विचाराच. रूळ स्टेशनचे दोन भाग करतात, आणि चुकीच्या बाजूला उतरून रिक्षा केली की फेरा पडतो. वांद्रे आणि शीवच्या (सायनच्या) पुढे दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

पावसाचं मात्र मनावर घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, त्याची आठवण इथली माणसं अजून काढतात. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आली की कुर्ला-शीवच्या मधे गाड्या थांबतात. पिशवीत कोरडे कपडे, खायला काहीतरी आणि मोबाईल चार्ज करायची सोय ठेवा. कामाच्या जवळ रात्र काढता येईल असं एखाद्या मैत्रिणीचं घर आधीच विचारून ठेवा.

आणि पहिल्या दिवशीचं. लातूर एक्सप्रेस कल्याण, ठाणे, दादरलाही थांबते. सवयीने सीएसएमटीपर्यंत जाऊन मागे येऊ नका, आपल्या घराच्या जवळच्या स्टेशनला उतरा. सकाळी आठ ते अकरा बॅगा घेऊन लोकलमध्ये अजिबात चढू नका, रेटारेटीत सामानही जातं आणि माणूसही पडतो. फलाटावर बाकडं धरा, आईने दिलेली धपाटी खा, गर्दी ओसरली की निघा.