उन्हाळी सल्ला: फुलगळ दिसते आज, बिघाड झालेला असतो आठवडाभर आधी

भरदुपारी टोमॅटो-मिरची माना टाकतात आणि आपण पाण्याकडे धावतो. संध्याकाळी तेच झाड ताठ उभे राहिले, तर ते तहानलेले नव्हते. पानांतून पाणी उडण्याचा वेग तेवढा मुळांना झेपला नव्हता. खरा बिघाड पेशीच्या आत होतो.

पेशीत प्रथिने धाग्यासारखी तयार होतात. धाग्याची नेमकी घडी बसली तरच ते प्रथिन कामाचे. उष्णतेने घडी विस्कटली की प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात. ही अडचण फार जुनी. विस्कटलेल्या घड्यांचा सुगावा घेणारे आयआरई-1 हे प्रथिन यीस्ट, माणूस आणि वनस्पती या तिघांतही आहे. पण जनावर उठून सावलीत जाते, झाडाला जागा सोडता येत नाही. म्हणून त्याने आतली तजवीज वाढवली. उष्णतेचा इशारा मिळताच संरक्षक जनुके चालू करणारा मुख्य घटक ड्रोसोफिला माशीत एकच आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात तसे 21 आहेत.

या तजविजीला वेळ लागतो. आधी सोसवेल इतकी उष्णता मिळालेले रोप नंतर एरवी जीवघेण्या ठरणाऱ्या उष्णतेतही तगते. थेट सावलीतून भट्टीत टाकलेले रोप तगत नाही. म्हणून पुनर्लागणीआधी 7 ते 10 दिवस रोपवाटिकेतली सावली टप्प्याटप्प्याने काढा, पाणी थोडे कमी करा, मात्र रोपे सुकू देऊ नका. लागण संध्याकाळीच करा. कणखर केलेली रोपे पुन्हा सावलीत ठेवून दिलीत, तर मिळवलेली सहनशक्ती काही दिवसांत ओसरते.

सगळ्यात नाजूक परागकण. पानांना जमते तेवढा बचाव त्यांना जमत नाही. टोमॅटोत फूल उमलण्याच्या साधारण 8 ते 13 दिवस आधीचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. म्हणजे आज गळणाऱ्या फुलांचे नुकसान मागच्या आठवड्यातच झालेले असते; त्यावर आज टॉनिक फवारणे म्हणजे वरातीमागून घोडे. दिवसा 32 आणि रात्री 21 अंशांच्या वर तापमान राहू लागले की फळधारणा घटते, आणि रात्रीच्या आकड्याकडे आपण बघतच नाही. शेडनेट लावायचे तर बारीक कळ्या दिसताच लावा, फुले गळू लागल्यावर नव्हे.

आच्छादन करा. पाणी पहाटे किंवा संध्याकाळी, हलके पण वेळच्या वेळी द्या आणि वाफसा टिकवा; पाणी असेल तोवर पान स्वतःला गार ठेवते. दुपारी कसलीही फवारणी नको. नत्राचा जास्तीचा हप्ता या दिवसांत टाळा, कोवळी लुसलुशीत वाढ आधी होरपळते.

शेडनेट काढताना घाई नको. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघून, आधी थोडे उघडा आणि दोन-तीन दिवसांनी उरलेले काढा.