रिमोट डेस्कटॉपवर भलताच माइक, भलताच कॅमेरा? या चुका टाळा

मीटिंगला दोन मिनिटं उरलेली असतात. कानात चांगला हेडसेट असतो, तरी पलीकडून मेसेज येतो, "आवाज फार लांबून येतोय." रिमोट मशीनवर, म्हणजे रिमोट डेस्कटॉपनं आपल्या स्क्रीनवर उघडलेल्या दूरच्या कॉम्प्युटरवर, माइकची यादी उघडावी, तर तिथं हेडसेटचं नावच नाही. 'रिमोट ऑडिओ' एवढी एकच नोंद. आणि मग तिथल्याच सेटिंग्जमध्ये शोधाशोध सुरू होते.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये माइक कुठला, हे पलीकडचं मशीन ठरवत नाही. तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरवर जो माइक डिफॉल्ट आहे, त्याचाच आवाज 'रिमोट ऑडिओ' या नावाखाली पलीकडे जातो. लॅपटॉपचा स्वतःचा माइक डिफॉल्ट असेल, तर हेडसेट कानात असूनही ऐकणाऱ्याला खोलीतला पंखाच जास्त ऐकू येणार.

म्हणून आधी सेशन, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची चालू खिडकी, मिनिमाइझ करा. आपल्या मशीनच्या साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटखाली हेडसेट निवडा. जुन्या साउंड खिडकीच्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये माइकवर राइट-क्लिक केलं की 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' असे दोन वेगळे पर्याय दिसतात. दोन्ही एकाच माइकला द्या. मग हेडसेटच्या माइकवर नखानं हलकेच टकटक करा आणि नंतर लॅपटॉपच्या कडेवर करा. आवाजाची पट्टी कुठल्या टकटकीला जास्त उसळते, ते पाहा. नावं वाचण्यापेक्षा ही खात्री पक्की.

जोडणीआधीच्या खुणा

आवाज ऐकू येतोय, म्हणजे माइकही चालू असणार, असं आपण धरून चालतो. पण या दोन सेटिंग्ज वेगळ्या आहेत. रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या खिडकीत 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', मग रिमोट ऑडिओची 'सेटिंग्ज' उघडा. वरचा भाग ऐकण्याचा, खालचा रेकॉर्डिंगचा. खाली मुळात 'डू नॉट रेकॉर्ड' असतं. ते बदलून 'रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर' करा.

कॅमेऱ्याचं तसं नाही, तो इथं नावानिशी निवडता येतो. त्याच टॅबवर 'मोअर' दाबा, 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हायसेस' उलगडा आणि हव्या त्याच कॅमेऱ्यापुढे खूण करा. सगळ्यांपुढे खुणा केल्या, की मीटिंगचं अ‍ॅप भलताच उचलण्याची शक्यता वाढते.

चालू सेशनमध्ये या खुणा बदलता येत नाहीत. डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा. ऑफिसनं दिलेली आरडीपी फाइल (जोडणीच्या सेटिंग्ज साठवलेली फाइल) वापरत असाल, तर तिच्यावर राइट-क्लिक करून 'एडिट'मधून बदल करा आणि 'जनरल' टॅबवर 'सेव्ह' दाबा. नाहीतर उद्या पुन्हा तेच.

कॅमेरा यूएसबीमार्गे पाठवू नका

कॅमेरा दिसत नाही म्हणून घाईघाईत अख्खं यूएसबी उपकरणच पलीकडे जोडून टाकणं, ही चूक मला फार खटकते, कारण सुरुवातीला ती चालल्यासारखी वाटते. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या मार्गानं व्हिडिओ आधी आकसून पाठवला जातो. यूएसबीमार्गे मात्र कॅमेरा देईल तो डेटा जसाच्या तसा नेटवर्कवर जातो. ६४० बाय ४८० चं साधं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, असा हिशेब केला तर न आकसलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट होतो. घरच्या इंटरनेटवर चित्र अडखळणारच. शिवाय तोवर तो कॅमेरा तुमच्या स्वतःच्या मशीनला वापरता येत नाही.

हॉरायझन हे दूरचा डेस्कटॉप उघडण्याचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही हे सांभाळावं. त्यात 'रिअल-टाइम ऑडिओ-व्हिडिओ' नावाची सोय आहे. पसंतीचा कॅमेरा आणि माइक क्लायंटच्या सेटिंग्जमध्येच निवडता येतो आणि ती निवड पुढच्या जोडणीपासून लागू होते.

तरीही काळा चौकोन दिसतोय?

आपल्या मशीनवर दुसरं एखादं मीटिंग अ‍ॅप कॅमेरा धरून बसलेलं नाही ना, ते पाहा. प्रायव्हसी सेटिंग्जमधली कॅमेरा आणि माइकची परवानगी दोन्ही मशीनवर तपासा. बहुतेक जण एकाच बाजूला पाहून थांबतात. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू होताच कानातला आवाज एकदम घोगरा झाला, तर बिघाड समजू नका. तो हँड्सफ्री मोडमध्ये गेलेला असतो. महत्त्वाच्या मीटिंगला वायरचा हेडसेटच घ्या.

आणि आपल्याकडचं सगळं बरोबर असूनही कॅमेरा पोहोचत नसेल, तर बहुधा ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीनं, म्हणजे आयटीवाल्यांनी सगळ्या मशीनना लावलेल्या नियमांनी, वाट अडवलेली असते. आयटीवाल्यांना "कॅमेरा चालत नाही" एवढंच कळवू नका. "सेशन होस्टवर व्हिडिओ कॅप्चर आणि ऑडिओ रेकॉर्डिंगचं रिडायरेक्शन बंद आहे का?" असं विचारा. सेशन होस्ट म्हणजे तुम्ही जोडता ते पलीकडचं मशीन, आणि रिडायरेक्शन म्हणजे आपला कॅमेरा-माइक तिकडे पोहोचवणं. नेमकं कुठं पाहायचं, ते त्यांना लगेच कळेल.